शेवटचा कॅन

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर हसा. पण हर्षला माझी सख्खी मावसबहीण आहे, आणि थापा मारायचा तिचा स्वभाव नाही.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. खालापूर तालुक्यात, माथेरानच्या डोंगराखालचं गाव. वेळ भर दुपारची... हो, भुतं काय घड्याळ बघून येतात?

हर्षलाचं काम साधं. कुठल्या शेतात पाऊस किती मुरेल, त्याचा नकाशा करायचा. जमिनीत लोखंडी रिंग ठोकायची, तीत पाणी ओतायचं, ते किती वेगाने उतरतं ते बघायचं. सोबतीला टेंपोवाला गजा आणि पाण्याचे कॅन.

शेताची मालकीण धोंडूबाई, म्हातारी, बांधावर बसलेली.

"हितं नको गं बाय. तिकडं ठोक."

"आजी, ठरलेल्या जागीच बघावं लागतं."

म्हातारीने तोंड फिरवलं.

रिंग ठोकली. पाणी ओतलं.

गेलं.

मुरलं नाही हो... गेलं!

दुसरा कॅन ओतला. तोही गेला. आणि खालून आवाज आला... घटाघटा पाणी पिण्याचा.

"ताई, काय हाय ह्ये?" गजा मागे सरकला.

"उंदराचं बीळ असेल रे."

बीळ लागलं की रिंग उपटायची आणि थोडी सरकून ठोकायची, अशी त्यांच्या कामाची रीत. हर्षलाने तेच केलं. उरलेला शेवटचा कॅन नव्या जागी रिकामा केला. तिथे पाणी शहाण्यासारखं हळूहळू उतरलं.

तेवढ्यात जुन्या जागेखालून...

ठक. ठक.

मग पुरुषाचा आवाज. घसा पार सुकलेला.

"पाणी..."

गजाची पाचावर धारण बसली. धोंडूबाई मात्र धावत आली आणि मातीवर पालथी पडली.

"ह्यो माज्या घरवाल्याचा आवाज गं! भिवाजीचा!"

तिथे पूर्वी विहीर खणत होते. कड ढासळली आणि भिवाजी खाली गाडला गेला.

"दिसरात पानी मागत व्हता. मी हंडा घेऊन उभी. पन कोनी वतू दिलं नाय. म्हनले, पान्यानं माती आनकी बसंल." मग आवाज थांबला, आणि लोकांनी विहीर बुजवून टाकली. "पोरी, आज पितोय तो. वत गं आनकी!"

कॅन रिकामे. ओढा कोरडाठाक.

दोघं टेंपो घेऊन सुटली. पुढच्या पाड्यावर बोअरिंग हापसून कॅन भरले. परतताना हर्षला रडत होती. "थांब रे बाबा, आलोच आम्ही," असं सारखं पुटपुटत होती.

रिंग पुन्हा जुन्या जागी ठोकली. पाणी ओतलं.

थेंबभरही उतरेना.

काठोकाठ पाणी... तसंच.

धोंडूबाईने मातीला कान लावला.

ठकठक नाही. काहीच नाही.

"पी रं," ती म्हणाली. "पी ना. आता कोनी अडवत नाय."

ऊन कललं. पाणी तसंच. गजा तिला उठवायला गेला, तर ती उठेना. हर्षला नुसती बघत राहिली. करणार काय हो ती?

काम तिने सोडलेलं नाही. पण शेवटचा कॅन ती आता कुठेच ओतत नाही. भरलेलाच टेंपोत ठेवते, आणि सगळं आवरलं तरी बराच वेळ कुठल्याही शेतातून हलत नाही. एकदा मी तिच्यासोबत गेलो होतो. चल म्हणालो, तर तिने ओठांवर बोट ठेवलं.

मला काही ऐकू आलं नाही. ती मात्र कॅन घेऊन उठली.