मावशी कोणाकडच्या

आमच्या अंगणातलं झाड गल्लीतल्या बाकी झाडांपेक्षा उशिरा पिवळं पडतं, पण एकदा पानं गाळायला लागलं की मागेपुढे बघत नाही. त्या शनिवारी दुपारी मी ती पानं झाडत होते आणि मनातल्या मनात नवऱ्याला बोल लावत होते. त्याचं दारं-खिडक्या बनवायचं वर्कशॉप आहे. थंडी तोंडावर आली की अख्ख्या गावाला आपल्या खिडक्यांची आठवण होते, आणि तो घरी फक्त जेवायला नि झोपायला येतो. आमच्या स्वतःच्या खिडक्या मात्र खुशाल खडखडत असतात.

फाटक वाजलं. करड्या कोटातल्या, साठीच्या आसपासच्या एक बाई आत आल्या. हातात छोटी पिशवी, चेहरा हसरा.

"घर शोधायला जरा वेळच लागला," त्या म्हणाल्या. "तो अजून वर्कशॉपमध्येच का गं?"

माझ्या नवऱ्याला 'तो' म्हणतायत, म्हणजे त्याच्याकडच्याच. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि त्यांच्याकडची सगळी तोंडं काही माझ्या लक्षात नव्हती. ओळखलं नाही असं दाखवणं बरं दिसलं नसतं.

"या ना, मावशी," मी म्हटलं. त्या वयाच्या बाईला दुसरं काय म्हणणार?

त्यांनी पिशवी पायरीवर ठेवली, भिंतीला टेकवलेला दुसरा झाडू उचलला आणि बोलत बोलत अर्धं अंगण झाडून काढलं. मी गेला आठवडाभर जे काम उद्यावर ढकलत होते, ते चहाचं आधण उकळायच्या आत संपलं.

नवरा घरी आला तेव्हा मी स्वयंपाकघरातून ओरडून विचारत होते, "मावशी, साखर किती?" तो दारातच थबकला, मग तोंडभर हसला. "अरे वा, मावशी! कधी आलात?"

"केव्हाची आलेय. तिला जरा बसू दे आता, सकाळपासून उभी आहे," मावशी म्हणाल्या. त्याने मुकाट्याने माझ्या हातातला ट्रे घेतला. लग्नानंतर हे असं पहिल्यांदाच होत होतं, म्हणून मी मनातल्या मनात मावशींना पूर्ण मार्क देऊन टाकले.

त्या वर, जिन्याजवळच्या छोट्या खोलीत राहिल्या. कशासाठी आल्या, किती दिवस राहणार, हे कोणी विचारलं नाही. सुट्ट्या जवळ आल्या होत्या, नवऱ्याची बहीण तिच्या कुटुंबासकट येणार होती, घरात शंभर कामं पडली होती. अशा वेळी आलेल्या माणसाला कोण असं विचारतं?

आणि मावशींचा कामाचा उरक काय सांगू! कामाला लागल्या की आवाज नाही, घाई नाही. मी लॅबमधल्या कामावरून परत यावं तर स्वयंपाकघराची खिडकी वाफेने धूसर झालेली, गॅसवर सूप, आणि शेगडीपाशी माझे घरात घालायचे मोजे ऊब खात ठेवलेले. लोकरीचे कपडे पेटीतून निघाले, उन्हात पडले, आणि डांबरगोळ्यांचा वास जाऊन त्यांना उन्हाचा वास लागला. खिडक्यांच्या फटींत त्यांनी फेल्टच्या लोकरी पट्ट्या अशा बसवल्या की नवरा बोट फिरवून बघत राहिला. "मी माणसं ठेवलीत, त्यांनासुद्धा इतकं साफ जमत नाही," तो म्हणाला.

आमची मुलगी खिशात सदोदित दाणे, बोरं, गोट्या भरून फिरते, म्हणून तिला घरी-शाळेत सगळे खारूच म्हणतात. या खारूला आम्ही दोघं मिळून अपूर्णांक शिकवत होतो आणि रोज रडारडीने धडा संपत होता. मावशींनी तिला सफरचंद कापायला बसवलं. सफरचंद संपलं तेव्हा अपूर्णांक आले होते.

घर असं असू शकतं, हे मला माहीतच नव्हतं.

एका संध्याकाळी मी बटाटे सोलत होते, नवरा शेजारी उभा राहून भांडी पुसत होता. वरून मावशींचं गुणगुणणं ऐकू येत होतं.

"तुझ्या मावशीचा हात कसला आहे गं," तो म्हणाला. "तुझ्या आईचाही असाच होता का?"

"माझ्या मावशीचा?"

"मग?"

"अरे, त्या तुझ्या मावशी ना?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो आणि मग फिस्सकन हसलो. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. "मला तर 'तिला बसू दे' म्हणाल्या," तो म्हणाला. "म्हटलं, हिच्याच माहेरची कोणीतरी. तूही 'मावशी मावशी' करत होतीस."

"मला 'तो वर्कशॉपमध्येच का' म्हणाल्या."

हसू ओसरलं. वरचं गुणगुणणंही थांबलं होतं.

त्याने बहिणीला फोन लावला. ती म्हणाली, आपल्या आईला बहीणच नव्हती, हे काय नवीन? मी माझ्या भावाला लावला. आमच्या आईला एकच बहीण होती, आणि ती आईच्या आधी गेली, हे त्याने मला सांगायची गरज नव्हती.

"उद्या विचारू," नवरा म्हणाला.

सकाळी जाग आली ती भाजल्या पावाच्या वासाने. खारूच्या दोन वेण्या घट्ट घातलेल्या, डबा भरलेला, नवऱ्याच्या कोटाचं कधीचं लोंबणारं बटण शिवलेलं. नवऱ्याने बटणाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तूच विचार," तो पुटपुटला आणि निघून गेला.

मी लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासते. आमच्याकडे साधा नियम आहे. ज्या बाटलीवर नाव नाही, ती बाजूला ठेवायची, तपासायची नाही. त्या दुपारी लवकर घरी आले आणि सरळ विचारलं.

"मावशी, राग मानू नका. तुम्ही नक्की कोणाकडच्या?"

त्या खिडकीपाशी बसून सफरचंदं एकेक पुसून टोपलीत ठेवत होत्या. हात थांबला नाही.

"कोणाकडच्या म्हणजे? या घरच्याच की."

"पण आमच्यापैकी कोणीच..."

"तुला त्रास होतोय का माझा?"

खरं सांगायचं तर होत नव्हता. पाय दुखत होते, बाहेर बोचरा वारा होता, आणि माझ्या खुर्चीवर माझी शाल घडी करून ठेवलेली होती. "नाही," मी म्हटलं आणि बसले. त्यांनी पुसलेलं एक सफरचंद माझ्या हातात दिलं. ते इतकं चकचकीत होतं की त्यात खिडकी दिसत होती.

त्यानंतर कोणीच काही विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात खारूच्या शाळेच्या फाटकाशी तिच्या वर्गशिक्षिका भेटल्या. "तुम्ही खारूच्या शेजारी राहता ना?" त्यांनी विचारलं. "तिच्या आईंना भेटले परवा. किती समजूतदार बाई!"

"मी तिची आई," मी म्हटलं.

त्या गोंधळल्या, सॉरी म्हणाल्या. यावर्षीच रुजू झाल्या होत्या, रोज शंभर पालक बघतात, होतं असं. तरी चालताना त्यांनी एकदा मागे वळून बघितलं.

मग बसमध्ये एक कॉलेजातली मुलगी उठून म्हणाली, "मावशी, बसा इथे." मला अजून चाळिशी लागायची आहे. घरी येऊन मी हा किस्सा रंगवून सांगितला. नवरा हसेल, निदान चिडवेल तरी, असं वाटलं होतं. त्याने पानातून मान वर केली आणि समजुतीने म्हणाला, "दमणूक होत असेल." मावशींनी माझ्या पानात भाजी वाढली. वाढताना त्यांचे हात माझ्या नजरेस पडले. त्या हातांवरच्या शिरा पूर्वी ठळक होत्या. निदान मला तसं आठवत होतं.

एकदा सकाळी खारू जिन्यात उभी राहून ओरडली, "आई, माझा स्कार्फ कुठाय?"

"बाहेरच्या खुंटीला," मी म्हटलं.

"बाहेरच्या खुंटीला," वरूनही उत्तर आलं. एकाच वेळी, त्याच सुरात.

खारूने वर बघितलं. "सापडला!" ती वरच्या दिशेने ओरडली आणि पळाली.

त्या दिवशी मी कामावर गेलेच नाही. मावशी पडद्यांना इस्त्री करत होत्या. मी दार लावून घेतलं.

"मावशी, तुम्ही आमच्यासाठी खूप केलंत. मी जन्मात विसरणार नाही. पण आता तुम्ही निघायला हवं."

मला वाटलं होतं त्या रडतील, नाहीतर भांडतील. त्यांनी इस्त्री उभी ठेवली आणि माझ्याकडे अशा मायेने बघितलं की माझीच मान खाली गेली.

"बरं," त्या म्हणाल्या. "सुट्ट्या लागू देत. पाहुण्यांचं आवरू आणि मग ज्याने त्याने आपल्या जागी जायचं. चालेल?"

मी हो म्हटलं. पाहुण्यांच्या तोंडावर मला त्यांची मदत हवीच होती.

सुट्ट्यांआधीचे ते दिवस आमच्या घरातले सगळ्यात सुंदर दिवस होते. आम्ही दोघींनी मिळून गाद्यांना ऊन दाखवलं, कपाटं पुसली, केक भाजले, खारूने रंगीत पानांच्या माळा करून दारांवर सोडल्या. मावशी काम सांगायच्या आणि मी करायची. एखादी गोष्ट कुठे ठेवायची, हे मी त्यांना विचारायला लागले होते. त्यांना ते नेहमी माहीत असायचं.

नणंद यायच्या दिवशी दुपारी मी साडी बदलायला आमच्या खोलीत गेले. कपाटातला माझा कप्पा रिकामा होता.

पुसून स्वच्छ केलेला, खाली नवा कागद अंथरलेला.

मी जिना चढून वर छोट्या खोलीत गेले. माझे कपडे तिथे होते. साड्या, स्वेटर, लॅबचा पांढरा कोट. घड्या इतक्या सुरेख की मोडायला जीव होऊ नये. टेबलावर माझा कंगवा, माझी औषधं, पाण्याचा तांब्या. खिडकीतून अंगणातलं झाड दिसत होतं, आता पुरतं निष्पर्ण. पलंगावर माझी शाल पसरलेली होती.

मला संताप यायला हवा होता. मी पलंगाच्या कडेवर टेकले. खोली उबदार होती. एवढ्याशा खोलीतही सगळं हाताशी येईल असं लावलेलं होतं. कोणीतरी फार विचार करून लावलेलं होतं.

खाली गाडी थांबल्याचा आवाज आला.

मी घाईने उतरले. गुडघे कुरकुरले, म्हणून कठड्याला धरून उतरावं लागलं. दार उघडंच होतं. नणंद आत येत होती, मागे तिचा नवरा, मुलं, बॅगा. मी हसून पुढे झाले.

"वहिनी!" ती ओरडली आणि माझ्या शेजारून जाऊन तिने मावशींना मिठी मारली.

मावशींनी माझी निळी साडी नेसली होती. ती त्यांना छान दिसत होती. मला ती कधी अशी दिसली नव्हती.

"किती बारीक झालीस गं, वहिनी! दादा काही खायला देतो की नाही?" नणंद म्हणाली. सगळे हसले. नवराही हसला. मग तिची नजर माझ्याकडे वळली. अनोळखी माणसाकडे बघून हसतो तसं ती हसली आणि तिने अंगातला कोट काढून माझ्या हातात दिला.

मी खारूकडे बघितलं. खारू आतेभावाला पानांच्या माळा दाखवत होती.

"खारू," मी हाक मारली.

तिने वळून बघितलं. फार शहाण्या, नम्र चेहऱ्याने. "काय हवंय?" तिने विचारलं.

मी कोट खुंटीला अडकवला.

जेवणं रंगली. मावशी, म्हणजे ती, टेबलाच्या त्या टोकाला बसली होती आणि कोणाला काय हवं ते न विचारता पुढे करत होती. मी वाढत होते. गरम गरम आणून देत होते. सगळ्यांनी सगळ्याचं कौतुक केलं. नणंदेच्या नवऱ्याने तर मुद्दाम मान वळवून मला सांगितलं, "फार चव आहे हो तुमच्या हाताला."

मी स्वयंपाकघरात येऊन भांडी घासायला घेतली. बाहेर हसण्याचा खळखळाट चालू होता. खिडकी आता अजिबात खडखडत नव्हती.

नवरा आत आला. नेहमीसारखा शेजारी उभा राहिला, टॉवेल घेतला, एक ताटली पुसली. तो माझ्याकडे बघून हसला. त्याच्या डोळ्यांत खरोखरीचा आदर होता.

"राहू द्या हो," तो म्हणाला. "किती करताय आमच्यासाठी. दमला असाल तुम्ही."

माझ्या तोंडाशी त्याचं घरातलं नाव आलं होतं. त्याला मी एकटीच त्या नावाने हाक मारते.

"असू द्या," मी म्हटलं. "तुम्ही जा बाहेर. सगळे वाट बघतायत."

जीभ कुठेही अडखळली नाही.

त्यांनी टॉवेल खुंटीला लावला, दार हलकेच ओढून घेतलं आणि ते आपल्या माणसांत जाऊन बसले.