आकडा सांगायचा नाही

रस्त्याच्या मधोमध एक इमू पक्षी, सात पिल्लांचा बाप, पिल्लं घेऊन उभा होता आणि हलायचं नाव घेत नव्हता. अलीकडे ब्रॉनीची पिकअप, पलीकडे एका अनोळखी तरुणाची धुळकट गाडी.

"हॉर्न वाजव ना!" ती ओरडली.

"मी नाही... पोरांसमोर अपमान होईल त्याचा!"

ब्रॉनी हसली. मग स्वतःवरच चिडली — एवढं काय होतं हसण्यासारखं?

सोमवारी कळलं, तो इलियास. ऑस्ट्रेलियातल्या कूनाबाराब्रनच्या डोंगरावरच्या वेधशाळेत तिच्या समोरचंच टेबल त्याला मिळालं होतं. साठ दीर्घिका होत्या. प्रत्येकीच्या पोटातल्या कृष्णविवराचं वजन ब्रॉनीनं काढायचं, त्याच्याभोवतीच्या ताऱ्यांच्या फुगवट्याचं इलियासनं. विवर एवढंसं, दीर्घिका अफाट; तरी एक मोठं असलं की दुसरंही मोठंच निघतं. कोण कुणाला वाढवतं, ते मात्र कुणालाच नक्की ठाऊक नाही. म्हणून त्यांच्या प्रमुख मर्लबाईंचा कडक नियम: मोजणी संपेपर्यंत एकमेकांना आकडा सांगायचा नाही. दुसऱ्याचा कळला की आपला नकळत तिकडे झुकतो.

मग चहाला दोघं बाकीचं सगळं बोलत.

"हावरट आहे तुझं विवर," तो म्हणे. "गिळून गिळून असा वारा सोडतं, की माझ्या दीर्घिकेतला वायूच उडून जातो. तारे कशाचे बनवायचे मी?"

"आणि त्याला खायला कोण घालतं? तुझी दीर्घिकाच ना? तिनंच लाडावून ठेवलंय!"

त्याच्या हनुवटीला लॅमिंग्टन केकचं खोबरं लागलेलं असे. ब्रॉनीचा हात उठे... आणि स्वतःचीच बट मागे सारून खाली येई.

प्रेम म्हणावं, तर तो तसं काही बोलला नव्हता. मैत्री म्हणावी, तर तो तापानं घरी राहिला त्या दिवशी तिनं एकच विवर तीनदा मोजलं आणि उत्तरं तीन आली.

चाळीस दीर्घिका झाल्या, आणि मर्लबाई म्हणाल्या, "इलियासनं मोजणी सोडली गं."

"सोडली? का?"

"त्यालाच विचार. सांगताना कानापर्यंत लाल झाला होता."

तो मागच्या पत्र्याच्या पडवीत उभा होता. आभाळ काळवंडलं होतं.

"जातोयस?"

"कुठे?"

"मला काय माहीत! सिडनी... चिली..."

"मोजणी सोडली, गाव नाही."

"म्हणजे माझ्याबरोबर काम नको."

"ब्रॉनी, नियमाचं पुढचं कलम वाचलंयस? एका घरात राहणाऱ्या दोघांनी दोन बाजू मोजायच्या नाहीत."

"पण आपण कुठे एका घरात राहतो?"

"नाही ना..." तो चाचरला. "मी जरा — आगाऊच कळवलं."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर काम गेलं. आणि तूही."

"वेड्या! आधी मला विचारायचं, मग त्यांना!"

"तू हो म्हणाली असतीस, तर मर्लबाईंकडे पोचेपर्यंत नियम मोडला असता ना..."

याला मिठी मारावी की डोंगरावरून ढकलावं, तिला कळेना.

"विचार आता," ती म्हणाली.

त्यानं विचारलं. तेवढ्यात पत्र्यावर पाऊस असा कोसळला, की तिचं उत्तर तिलाही ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा तिला ओरडून सांगावं लागलं. ते आत मर्लबाईंनाही ऐकू गेलं.