आतली कडी

गाडी तयार होती, पण चावी मिळत नव्हती. दोघं भाऊ आणि थोरल्याची बायको असे तिघं सलग तिसऱ्या संध्याकाळी गॅरेजच्या अंगणात येऊन बसले होते. गाडी चार बोटं उंच झाली होती, जाडजूड चाकं बसली होती, मागच्या सीटा काढून तिथे झोपायला फळ्या आणि खाली ड्रॉवर झाले होते. तरीही मिस्त्री रोज जाताना तेच सांगून जात होता, "अजून एक रात्र राहू द्या."

"एक रात्र, एक रात्र म्हणत तीन झाल्या," धाकटा वैतागून म्हणाला. "आणि आमचं चांगलं कारपेट फाडून टाकायची काय गरज होती?"

वेल्डरकाका शेडच्या दिव्याखाली स्टूल टाकून बसले होते. या गॅरेजात त्यांची तीस वर्षं गेली होती आणि ज्याला त्याला तोडून बोलण्याचा हक्क त्यांनी तेवढ्यात मिळवला होता.

"कारपेटचं नाव काढू नकोस माझ्यासमोर," ते म्हणाले. "जेवून आलात का? नाही ना? बरं झालं. मग ऐका. ही मिस्त्रीची स्वतःची गोष्ट आहे, त्याच्या तोंडून ऐकलेली. शेवटचं थोडं मी डोळ्यांनी पाहिलंय."

आणि त्यांनी सांगितलं ते असं.

फेब्रुवारीतला दुसरा गुरुवार होता. मिस्त्री संध्याकाळी सव्वासातला घरातून निघाला तो फक्त झोपायला. बरोबर पांघरूण, उशी, बॅटरी आणि डबा. कुठे चाललात म्हणून बायकोनं विचारलंही नाही, कारण ही त्याची जुनी रीत होती. ज्या गाडीत गिऱ्हाईक झोपणार, तिच्यात आधी आपण एकट्यानं एक रात्र काढायची. पाणी कुठे गळतं, फळी कुठे कुरकुरते, कूस बदलताना गुडघा कुठे आपटतो, हे सगळं एका रात्रीत कळतं. कळलं की दुरुस्त करायचं आणि मगच चावी द्यायची. दुसरी रीत त्याहून जुनी. गाडी हातात आली की आधी ती पत्र्यापर्यंत सोलायची. सीटा, कारपेट, दारांचं प्लास्टिक, सगळं बाहेर. सजवायचं ते नंतर.

या खेपेला गाडी त्याच्या धाकट्या बहिणीची होती. मेहुण्यांना रानावनात हिंडायची भारी हौस. शनिवारी पहाटे तिघं निघणार होते, बहीण, मेहुणे आणि सहा वर्षांची भाची. भाचीनं मधली जागा आधीच धरून ठेवली होती. "मामा, माझी उशी पिवळी हवी," असं तिनं फोनवर दोनदा बजावलं होतं.

गाडी मेहुण्यांना मिस्त्रीनंच शोधून दिली होती. पाण्यात गेलेली गाडी, म्हणून परवडली. "सुकवली, धुतली की नव्यासारखी," असं त्यानं बहिणीला सांगितलं. पण ती धरणाच्या पाण्यात अकरा दिवस होती, आणि त्या अकरा दिवसांत आत एक माणूसही होता, हे मात्र त्यानं गिळलं.

इंजिनाचा भार पुढे, म्हणून गाडी नाकावर बुडाली होती. हवा मागे वर राहिली. तो माणूस सीटांवरून सरपटत मागे गेला, हवेपाशी. तिथेच सापडला, मागच्या दाराला चिकटून. मागच्या दाराला आतून कडी नसते. बहुतेक गाड्यांना नसते. तिथे सामान बसणार असं धरून चालतात, आणि सामानाला कुठे उतरायचं असतं?

मिस्त्रीनं सोलायला सुरुवात केली ती मागूनच. कारपेटचा एक कोपरा उचलला. त्याखाली आवाज दाबायला जाड नमदा असतो. तो भिजून फुगला होता. वर पिवळट पांढरा थर होता, साबणाची वडी पाण्यात राहून लिबलिबीत होते तसा. थरात केस होते. बारीक, काळे, एकाच दिशेला वळलेले. नाकात वास शिरला. आधी गोड. मग तो घशात उतरला आणि तिथेच बसला.

मिस्त्री बाहेर पळाला आणि भिंतीला धरून ओकला. तोंड धुतलं. बोटं धुतली, पुन्हा धुतली, हुंगली, पुन्हा धुतली.

मग आत जाऊन त्यानं तो कोपरा पायानं खाली दाबला. वर औषध फवारलं. त्यावर प्लायवूड टाकलं, बारा स्क्रू मारले आणि वरून नवंकोरं कारपेट चिकटवलं.

इथे काका थांबले आणि बाजूला थुंकले. "मला त्या मेलेल्याची किळस कधी आली नाही. बिचारा. त्याच्या देहाचं जे झालं ते पाण्यानं केलं. पण हा शहाणा! वर पिवळी उशी मांडतो आणि खाली ते तसंच ठेवतो? सख्ख्या भाचीच्या पाठीखाली? शी! आजही आठवलं की चहा नको होतो मला."

आणखी एक चोरी त्यानं केली. एरवी तो मागच्या दाराचं प्लास्टिक काढून आतून एक तार बसवायचा आणि तारेला कडी, म्हणजे आत झोपलेल्याला दार उघडता येतं. या दाराच्या प्लास्टिकवर ओरखडे होते. खोल, चार-चारच्या ओळीत. मिस्त्रीनं तिकडे पाहिलं आणि मान फिरवली. मागून उतरतंय कोण, बाजूला दारं आहेत की, असं त्यानं स्वतःला समजावलं.

बाकी काम मात्र जीव ओतून केलं. सामान अंगावर येऊ नये म्हणून पुढच्या सीटांमागे लोखंडी जाळी बसवली. भाची धावत्या गाडीत दार उघडेल म्हणून बाजूच्या दारांना आतून न उघडणारं कुलूप लावून टाकलं. माया होती हो त्याची. मायेत खोट नव्हती, फक्त हात घाण करायची तयारी नव्हती.

तर गुरुवारी साडेनऊला त्यानं गाडी एका उघड्या माळावर लावली. कोरडा खडकाळ माळ, आसपास पाण्याचा थेंब नाही. चावी पुढे तशीच लोंबत होती, फोन पुढे चार्जिंगला. तो मागून चढला, फळीवर पालथा पडला आणि पट्टा ओढून दार लावून घेतलं.

खट्.

बॅटरी बंद करायच्या आधी त्यानं सवयीनं हात दाराला नेला, कडी चाचपायला. हाताला साधं प्लास्टिक लागलं.

मग त्याच्या लक्षात आलं. पुढे जाळी. बाजूला लहान मुलांचं कुलूप. मागे कडी नाही. हत्यारं खालच्या ड्रॉवरमध्ये, आणि ड्रॉवर मागचं दार उघडल्याशिवाय ओढता येत नाहीत. काचांची बटणं जाळीपलीकडे. पाय झाडून काच फोडावी, तर छत इतकं जवळ की गुडघाही धड वाकेना. स्वतःच्या हातानं, मापं घेऊन घेऊन, त्यानं पेटी बनवली होती.

आधी तो हसला. सकाळी कोणी गुराखी येईल, आरडाओरडा करू, लोक हसतील, हसू देत. डबा उघडला. एक घास तोंडात घातला आणि थांबला. घासाला तो वास होता. त्यानं डबा बंद केला आणि डोकं जाळीकडे करून उताणा पडला.

अकरा वाजून दहा मिनिटांनी पाठ ओली लागली.

त्यानं चाचपलं. गादी कोरडी. पाठ टेकली की ओली. हात लावला की कोरडी.

मग वास आला. आधी गोड...

त्यानं शर्ट नाकावर ओढला. वास शर्टाच्या आतून येत होता.

पावणेदोन वाजता छताला आतून दव धरलं. त्याच्या तोंडाच्या वर नाही. पायांच्या वर, मागच्या दाराजवळ. एवढासा गोल. तो मोठा व्हायचा... लहान व्हायचा... मोठा व्हायचा. कोणी तोंड छताला लावून श्वास घेत असावं तसा.

मिस्त्रीनं स्वतःचा श्वास रोखला. गोल मोठा झाला. लहान झाला.

मग आवाज. खर्र... खर्र... प्लास्टिकवर. सावकाश. थांबून. पुन्हा.

बॅटरी मिणमिणली आणि विझली.

"कोण..." मिस्त्री म्हणाला. 

खर्र.

त्याला रडू फुटलं. भीतीनं नाही, तो शपथेवर सांगतो. त्याला दिसली ती भाची. मध्ये झोपलेली. शनिवारी रात्री. तिच्या पायाशी हे. आणि पुढे जाळी, बाजूला कुलूप, मागे कडी नाही. सगळं मामानं केलेलं.

तो उलटा वळला. पोटावर सरपटत दाराशी गेला. त्याला लॉक माहीत होतं. प्लास्टिकच्या मागे एक बारीक दांडी असते. ती वर ढकलली की दार सुटतं. एवढंच. त्या माणसाला ते माहीत नव्हतं. अकरा दिवस... एवढंच माहीत नव्हतं.

त्यानं प्लास्टिकच्या कडेत नखं घातली. बोटं आपोआप खाचांत बसली. चार बोटं, चार खाचा. एका खाचेत काहीतरी रुतलेलं होतं. पातळ, कडक. ते काय आहे हे त्याला कळलं. तरी त्यानं ओढलं. प्लास्टिक तडकलं. त्यानं हात आत घातला. अंधारात दांडी शोधू लागला.

आत आणखी एक हात होता.

गार. मऊ. लिबलिबीत. बोट दाबलं तर कातडी जागेवरून सरकली. तो हातही चाचपत होता. पत्र्यावर, तारांवर, भलतीकडेच.

मिस्त्रीच्या घशात सगळं वर आलं. त्यानं ते गिळलं. हात मागे घ्यावा... घेतला नाही.

त्यानं ते बोट धरलं. साबणासारखं निसटलं. पुन्हा धरलं. दांडीपाशी नेलं. तिच्या खाली टेकवलं.

"इथं," तो म्हणाला. "वर ढकल."

...

खट्.

दार उघडलं. थंड वारा आत आला. त्याच्या अंगावरून, पाठीवरून, जड, ओलं काहीतरी सरपटत बाहेर गेलं. धप् असा आवाज झाला. खडकावर. मग काही नाही.

पहाटे पाचला मिस्त्री गॅरेजात आला तेव्हा काका शेडमध्येच झोपले होते. त्यांनी त्याचा अवतार पाहिला आणि स्क्रूड्रायव्हर उचलला. दोघांनी मिळून बारा स्क्रू काढले. नमदा मिस्त्रीनं स्वतःच्या हातांनी उचलला, हातमोजे न घालता, आणि गॅरेजमागे खोल खड्डा करून पुरला. मग बहिणीला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

 ती एवढंच म्हणाली, "दादा, माझी मुलगी त्यावर झोपणार होती?" पुढे वर्षभर ती बोलली नाही. पिवळी उशी मिस्त्रीच्या घरी तशीच पडून राहिली. गाडी भंगारात गेली, दाबून तिचा ठोकळा झाला, काका स्वतः उभे राहून बघून आले.

"संपलं?" थोरल्याच्या बायकोनं हळूच विचारलं. तिनं पदराचं टोक नाकाला लावलं होतं.

"गाडी संपली," काका म्हणाले. "दोन महिन्यांनी दुसरी आली. वेगळं गिऱ्हाईक, वेगळी गाडी, पाण्याचा संबंध नाही. मिस्त्रीनं ती पत्र्यापर्यंत सोलली, कडी बसवली आणि रात्र काढली. रात्री काही नाही, छान झोप लागली म्हणे. सकाळी कडीला हात लावला, तर कडी बुळबुळीत. वर पांढरा थर. चार बोटांचा. आतल्या बाजूनं."

 धाकट्यानं पाय स्टुलाखाली ओढून घेतले.

"तेव्हापासून प्रत्येक गाडीला तसंच. कधी पहिल्या रात्री, कधी चौथ्या. तो येतो, ओढून बघतो, उघडतं ना याची खात्री करतो आणि जातो. कडीवर हात उमटल्याशिवाय मिस्त्री चावी देत नाही. दिलीच तर त्याला झोप लागत नाही."

"काहीतरीच," धाकटा म्हणाला. पण तो उठला होता. "मी मघाशी संध्याकाळीच ती कडी बघितली. चकचकीत होती. कोरडी ठणठणीत."

"मग बघून ये पुन्हा. आत कोणी नाही, कुलूप आहे. ही घे शेडमधली जास्तीची चावी, फक्त मागच्या दाराची."

धाकटा गेला. दार उघडल्याचा आवाज आला.  थोरल्यानं हाक मारली. मग खडीवर पावलं वाजली, सावकाश.

तो दिव्याच्या उजेडात आला. उजवा हात त्यानं अंगापासून लांब धरला होता, बोटं फाकवून. बोटांवरून काहीतरी पांढरट ओघळत होतं. 

काकांनी त्या हाताकडे पाहिलं. खिशातून फोन काढला आणि मिस्त्रीचा नंबर लावला.

"नळ शेडच्या मागे आहे," ते धाकट्याला म्हणाले. "साबण लावू नकोस, जास्तच बुळबुळतं." मग फोनमध्ये म्हणाले, "हां, मी बोलतोय. चावी घेऊन ये. यांची गाडी झाली."