खेकडूने सांगितलेलं खरं

आंबेदऱ्याचा ओढा दोन वर्षं रस्ता खात होता आणि खाऊन वर ढेकर देत होता, असं दाजीआजोबा सांगत. दाजी जुने जलशास्त्रज्ञ. तरुणपणी ते ढगांशी पत्ते खेळत. हेही त्यांचंच म्हणणं.

यंदा रस्ता तुटला तर शाळेची बस कायमची बंद होणार होती, आणि शाळकरी मैनाला घर सोडून वसतिगृहात जावं लागणार होतं.

“दाजी, वर्षाचा पाऊस पूर्वीइतकाच. मोरी (रस्त्याखालून पाणी जाण्याची नळी) तीच. मग रस्ता आताच का तुटतो?” मैनाने विचारलं.

दाजींनी खिशातून नरसाळं काढलं. त्या खिशातून एकदा बैलगाडी निघाली होती म्हणे, त्यामुळे मैनाला नवल वाटलं नाही. त्यांनी तांब्याभर पाणी हळूहळू ओतलं. सगळं खाली गेलं. मग तेवढंच भसकन ओतलं. नरसाळं उतू जाऊन दाजींचं धोतर भिजलं.

“पाणी तेवढंच, घाई जास्त. ही पावसाची तीव्रता (तासाभरात किती पडला ते माप). तापलेली हवा जास्त वाफ पोटात धरते आणि एकदम ओतते. मोरी मात्र जुन्या, सावकाश पावसाच्या मापाची. तुटली की आपण पुन्हा तीच नळी पुरतो.”

तेवढ्यात दाजींचा यंत्रमानव खेकडू मोरीतून सरपटत आला. नांगीत टोपली होती.

“वरच्या तोंडाशी ही दगडांनी दाबलेली. पालापाचोळा अडकून अर्धी वाट बंद.”

मैनाचे कान तापले. खेकडे धरायची ती टोपली तिचीच होती. रस्त्याचे साहेब बघायला येणार म्हणून गावाने मोरीचं खालचं तोंड चुन्याने रंगवलं होतं. वरचं तोंड मात्र कोणी साफ केलं नव्हतं; तिथे सगळेच टोपल्या लावून खेकडे धरत.

“टोपली काढली, आता रस्ता वाचेल ना?”

“नाही,” खेकडू म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नसे. ते काम दाजींकडे होतं. “डोंगरावरून येणाऱ्या पाण्याचा तिसरा हिस्साही यातून जाणार नाही. पुढे वरच्या वाडीपर्यंतच्या चौदा मोऱ्यांपैकी दहा अशाच.”

मैनाने दाजींकडे पाहिलं. ते भिजलेलं धोतर पिळू लागले.

मैना खाली बघत होती. नरसाळ्यातून सांडलेल्या पाण्याने मातीत खड्डा पाडला होता. शेजारच्या दगडावरून तेच पाणी नुसतं ओघळून गेलं होतं.

“दाजी, पाणी वरूनच जाऊ दिलं तर? दगडावरून?”

“बुडती फरशी,” दाजी हळूच म्हणाले. “रस्ता मुद्दाम खोलगट करून दगडांनी बांधायचा. पाणी रस्त्याच्या डोक्यावरून जाईल, पण माती नेणार नाही.”

पावसाआधी गावाच्या हातून ही एकच फरशी झाली.

जुलैत ढग फुटला. बस पलीकडे दोन तास उभी राहिली.

“मैनाबाई, रस्ता पोहायला गेलाय का?” चालक यासीनचाचांनी ओरडून विचारलं.

“येईल परत, चाचा. थांबा.”

पाणी ओसरलं. रस्ता जागेवर होता. बस आली, पण त्या दिवसापासून मैनाच्या शेजारची जागा रिकामीच राहिली. वरच्या वाडीचा रस्ता त्याच पावसात गेला होता आणि तिथली, रोज तिच्याशेजारी बसणारी कस्तुरी वसतिगृहात.

रविवारी मैनाने नरसाळं घेतलं, खेकडूला खांद्यावर बसवलं आणि ती डोंगर चढू लागली. वाडीतल्या लोकांना आधी पाणी ओतून दाखवायचं होतं.

“दहा मोऱ्या राहिल्या,” खेकडू म्हणाला.

“माहीत आहे,” मैना म्हणाली. “पहिली कस्तुरीच्या वाडीची.”