तिरपी सही

मरणाच्या आदल्या दिवशी श्रीपादराव वाटाणे सोलत बसले होते. गंधाली, त्यांची मुलगी, समोर कागद नाचवत होती.

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातलं घर भाड्यानं देण्यासाठी त्यांनी जुलैत विकत घेतलं. जानेवारीत महापालिकेनं मागच्या चार वर्षांची घरपट्टी मागितली. ती विकणाऱ्यानं भरावी, असं खरेदीखतात होतं. पण विकणाऱ्या यशोधननं जुलैतल्या रजिस्ट्रीच्या तारखेचं एक पत्र पुढे केलं. ‘मागील सर्व घरपट्टी मी भरीन.’ खाली श्रीपादरावांची सही.

“न वाचता सही केली काहून, बाबा? रेल्वेत तीस वर्षं कारकुनी केली तुम्ही.”

“हव. चुकलंच.” त्यांनी हात पुसले. “चष्मा दे. तुह्याच पर्समध्ये असते नेहमी.”

सकाळी ते उठलेच नाहीत.

तेरावं उरकून गंधाली तात्यापाऱ्यात शर्मिष्ठाच्या ऑफिसात आली. शर्मिष्ठा खासगी तपास करायची. शेखर तिचा मदतनीस.

“पैसे गेले तर जाऊ द्या,” गंधाली म्हणाली. “बाबा मूर्ख नव्हते, एवढं दाखवून द्या.”

“रजिस्ट्रीला तुम्ही होता?”

“होते. तिथूनच नागपूरची गाडी पकडली.”

शर्मिष्ठानं पत्र, खरेदीखत आणि पेन्शनचे जुने कागद शेजारी मांडले. पेन्शनच्या कागदांवर सही रेघेवर सरळ होती. खरेदीखतावर आणि पत्रावर ती तिरपी वर चढली होती.

“हात थरथरला असेल,” शेखर म्हणाला. “पण सही त्यांचीच आहे. विषय संपला.”

“तुझा संपला.”

यशोधन नव्या रायपुरातल्या फ्लॅटमध्ये भेटला. सोफ्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. माणूसही तसाच, वरून चकचकीत.

“अंकलजी समझदार आदमी होते, दीदी. रजिस्ट्रीच्या टेबलावर, माझ्यासमोर टाइप केलेलं पत्र वाचलं आणि सही केली.”

“घरात भाडेकरू, आणि कर कमी बसावा म्हणून पालिकेत मात्र तुम्ही स्वतः राहता अशी नोंद?”

“सभी करते हैं.”

“सगळे नाही करत. उद्या ऑफिसात या. सहीचा निकाल सांगते.”

ब्राह्मणपाऱ्यातल्या घराच्या दारावर निळी पाटी होती. शेखरनं तिच्यावरचा घराचा नंबर उतरवला. पत्रातला नंबर तोच.

“जुळलं,” तो खुशीत म्हणाला.

“पाटी कधीची, भीमाबाई?” शर्मिष्ठानं भाडेकरणीला विचारलं.

“दिवाळीनंतरची. सर्वेवाले आले, नंबरच नवीन देऊन गेले. पहिला वेगळा होता.”

दुसऱ्या दिवशी गंधाली आधीच ऑफिसात येऊन बसली होती. यशोधन वेळेवर आला. अशा माणसांना आपली हुशारी ऐकायला आवडते.

“सही खरी आहे,” शर्मिष्ठा म्हणाली. तो हसला. “आणि ती जुलैतलीच आहे. खरेदीखतावर तिरपी, इथंही तशीच. एकाच बैठकीतली. पण पत्रात घराचा जो नंबर आहे, तो दिवाळीनंतर जन्माला आला. म्हणजे सही आधीची, मजकूर नंतरचा. तुम्ही कोऱ्या कागदावर सही घेतली. घर नावावर करायला, नामांतरणाला लागेल म्हणून, ना?”

यशोधनचं हसू विझलं. “रजिस्ट्रीत सगळेच दोन-चार कोऱ्या सह्या घेऊन ठेवतात…”

“घेतात. पण जुन्या तारखेखाली नवा नंबर टाइप करायला वेगळी अक्कल लागते. चार वर्षांची घरपट्टी सोमवारपर्यंत भरा. नाहीतर हे पत्र पोलिसांकडे जाईल. जाताना दार ओढून घ्या.”

तो गेला. शेखर डोकं खाजवत म्हणाला, “पण कारकून माणूस कोऱ्या कागदावर सही करेल काहून? आणि तिरपी?”

“रेघ दिसली नाही म्हणून तिरपी. कागद कोरा आहे की छापील, तेही दिसलं नसेल.” शर्मिष्ठा गंधालीकडे वळली. “चष्मा त्या दिवशी कुठं होता?”

गंधालीनं मांडीवरची पर्स जवळ ओढली.

“माझ्या पर्समध्ये. पर्स खाली कारमध्ये. बाबा म्हणाले, दोन मिनिटं थांब, चष्मा आण, वाचून घेतो. मी म्हटलं, माझी ट्रेन चुकेल, करून टाका.”

“हे त्यांनी तुम्हाला कधी ऐकवलं?”

“एकदाही नाही. मी बोलत राहिले, ते ‘चुकलंच’ म्हणत राहिले.”

तिनं पर्स उघडली. चष्मा अजून तिथंच होता. तो टेबलावर ठेवून, त्याच्या काड्या उघडून, ती म्हणाली,

“बाबा, तुम्ही वाचणार होता. मी वाचू दिलं नाही.”