बॉनेटआडचा आवाज

भुताला मी आयुष्यात कधी घाबरलो नाही. आता भूत एकदाही भेटलं नाही हे खरं, पण ते कशाला मध्ये आणायचं. रुचिरा, हसू नकोस, आणि तो मोबाईल पालथा ठेव. गच्चीवर अंधारच बरा. चौथीनंतर शाळेनं माझी सुटका केली, तेव्हा दोन शब्द इकडचे तिकडे झाले तर सांभाळून घ्या. पण हे घडलंय आपल्या दशरथबरोबर. मुलुंड चेकनाक्यामागच्या त्याच्या गॅरेजात, गेल्या वैशाखात, शनी अमावास्येच्या रात्री.

दशरथ गाड्यांची वायरिंग करतो. त्याचा भागीदार मधुकर आदल्या वर्षी वारला. दोघांची कामाची एकच पद्धत होती. दशरथ बॉनेटखाली, मधुकर ड्रायव्हरच्या सीटवर. बॉनेट वर केलं की पुढच्याला मीटर दिसत नाही ना, म्हणून मधुकर काटा बघून सांगायचा. चढला. उतरला. काटा नीट जागी आला की खिशातून बायकोचं लाल नेलपॉलिश काढायचा आणि मीटरच्या काचेवर तिथे ठिपका द्यायचा. गिऱ्हाइकाला म्हणायचा, काटा ह्याच्या वर गेला की गाडी थांबव. मी त्याला चिडवायचो, नखं पण रंगव की लेका.

मधुकर गेला आणि दशरथचं मन कामातून उडालं. गॅरेज बंदच करायचं म्हणत होता.

त्या संध्याकाळी हर्षद नावाचा पोरगा आजोबांची जुनी जीप घेऊन आला. पहाटे आईला घेऊन कसारा घाट चढायचा होता. पेट्रोलचा आणि तापमानाचा, दोन्ही काटे एकदम नाचत होते. दोन काटे एकदम बिघडले की दोष काट्यांत नसतो, अर्थिंगच्या वायरीत असतो, हे दशरथला झोपेतही कळतं. डॅशबोर्डमागची ती गंजकी वायर घासून बसवली. पेट्रोल सुधारलं. तापमानाचा काटा मात्र तळाला पडला तो उठेना. म्हणजे घाटात इंजिन उकळलं असतं तरी ह्यानं थंडच दाखवलं असतं.

अकरा वाजून गेले. दशरथची कंबर गेली. आता ठोकून द्यायचं, झालं काम, जा बाबा, असं त्यानं मनात ठरवलंही होतं.

नाही रुचिरा, मी तिथे नव्हतो. घरी झोपलो होतो, म्हणून तर तुमच्या राशीला आहे.

तर शेवटचं एकदा बघू म्हणून त्यानं हर्षदला सीटवर बसवलं आणि बॉनेटमध्ये डोकं घातलं. इंजिनावरच्या सेन्सरची वायर काढून लोखंडाला टेकवली.

"चढला."

वायर उचलली.

"उतरला."

म्हणजे मीटर ठीक, वायर ठीक. सेन्सरच मेलेला. भंगाराच्या डब्यात एक जुना सापडला, तो बसवला. मार स्टार्टर, म्हणाला. इंजिन लागलं.

"चढतोय."

आवाज जड होता. तंबाखू धरलेल्या तोंडाचा.

"चढतोय..."

दशरथचा हात थांबला.

"बस. जमलं, दश्या."

दश्या म्हणणारा माणूस एकच होता.

पंखा फिरतोय. इंजिन चालू. पलीकडे... काही नाही.

तेवढ्यात फाटकातून हर्षद आला. हातात दोन चहा. म्हणाला, सॉरी काका, चहाचा सायकलवाला पार नाक्यावर गेला होता. मी सांगून गेलो होतो की... गाडी तुम्ही चालू केलीत?

सीट रिकामी.

काटा बरोबर मध्यावर. त्याच्या टोकाशी लाल ठिपका. ओला. खाली ओघळत होता.

दशरथनं बोट लावलं. बोट कोरडंच.

ठिपका काचेच्या आतल्या बाजूला होता.

पहाटे जीप निघायच्या आधी त्यानं मधुकरच्या बायकोला, शेवंतीवहिनीला, बोलावून तो दाखवला. ती काचेशी वाकली. मग म्हणाली, ती बाटली तर मी ह्यांच्या खिशातच राहू दिली होती... नेताना.

दशरथ तिथेच टायरवर बसला. "वहिनी, मी दमलोय. आजपासून गॅरेज बंद."

तिनं काचेवरची नजर काढली नाही.

"हे जाऊन वर्ष झालं तरी कामावर येतायत, भावजी. आणि दमलात तुम्ही?"