अठ्ठ्याऐंशी सालचा डबा

"बावीस माणसांनी मला चोर ठरवलंय आणि तू शांतपणे पोहे खातेयस," यतीन म्हणाला.

"पोहे गार झाले तर चोर सापडेल का?" हिमानी म्हणाली. "बस. घेतोस?"

यतीननं घेतले नाहीत. हिमानी त्याची मावसबहीण, सहा वर्षांनी मोठी. अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नमध्ये ती रीतसर परवाना घेऊन खाजगी गुप्तहेराचं काम करायची. विम्याचे खोटे दावे उघडे पाडणं हा तिचा रोजचा धंदा. कालपासून यतीनच्या डोक्याचा भुगा झाला होता, आणि ही बाई लिंबू पिळत बसली होती.

"सुरुवातीपासून सांग. मला त्या कार्डांतलं ओ की ठो कळत नाही, असं समजून."

यतीन नागपूरचा, व्हिसावर आलेला, डेटा सेंटरमध्ये नोकरी करणारा एकटा जीव. चार वर्षांत ह्या गावात त्याला जी काही माणसं मिळाली, ती बेसबॉलच्या कार्डांमुळे. खेळाडूंची चित्रं छापलेली जुनी कार्डं जमवणाऱ्या, त्याच्यासह तेवीस मराठी वेड्यांचा एक ग्रुप होता. दर शनिवारी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये जमायचं, जुने डबे फोडायचे आणि पोटभर जेवायचं. काल संध्याकाळी त्याला त्या ग्रुपमधून काढून टाकलं होतं. आता शनिवारी जायला जागाच उरली नव्हती.

"मोरेश्वरकाकांकडे अठ्ठ्याऐंशी सालचा एक डबा होता," तो म्हणाला. "त्यांचा कुश जन्मला त्या वर्षी घेतलेला. मेणकागदाची छत्तीस पाकिटं, प्रत्येकात पंधरा कार्डं आणि च्युइंगगमची एक पट्टी. कधीच उघडला नव्हता. कुश डेन्व्हरला फिजिओथेरपिस्ट आहे. तीन वर्षांनी घरी आला, म्हणून काकांनी डबा काढला. काका, कुश, डेंटिस्ट आहे ती प्रीता, आणि मी. काका वरून एकेक पाकीट उचलून डावीकडून वाटतात. ज्याच्या हाती पाकीट, त्याची कार्डं. त्यात वाद नसतो."

"मग?"

"पहिलंच पाकीट प्रीताला, आणि त्यात बिली ट्रॅव्हर्सचं पदार्पणाचं कार्ड! यार ताई, लोक त्यासाठी जन्म घालवतात. अगदी शेवटचं, गमला टेकलेलं. तिनं उलटून दाखवलं, मागून पांढरं शुभ्र. आणि माझं नशीब बघ. नऊ पाकिटं, नऊही शेवटच्या कार्डांना गमचा तपकिरी डाग!"

हिमानीचा चमचा थांबला. "गायब कधी झालं?"

"आम्ही वर जेवायला गेलो. मी मधेच फोन आणायला एकटा खाली आलो. जेवून सगळे परतलो, तर कार्ड नाही. माझे खिसे तपासले, ताई! काही मिळालं नाही, तर म्हणे गाडीत ठेवून आला असेल."

हिमानीनं ताटली उचलली. "चल. आधी प्रीता."

प्रीतानं त्यांना दारातच उभं केलं. यतीनकडे तिनं पाहिलंही नाही, आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पाकिटं फोडतानाचा व्हिडिओ मात्र तिनं दाखवला.

व्हिडिओच्या सुरुवातीला काकांचा आवाज होता. "कुश, तुझ्या जागेवर बस ना." थोड्या वेळानं पुन्हा, "अरे, प्रीताला इकडे येऊ दे, तू माझ्या डाव्या हाताला बस."

"बाबा, चार्जर इथे आहे," कुश म्हणत होता. "इट्स जस्ट अ चेअर."

मग प्रीता पहिलं पाकीट फोडताना दिसली. सहाव्या कार्डाशी ती थांबली. "ई, मधलंच कार्ड डागाळलंय." पुढे ट्रॅव्हर्स निघाला आणि एकच कल्ला झाला. शेवटच्या दृश्यात सगळे जिना चढत होते. टेबलावर प्लास्टिकमधलं ते कार्ड आणि बाजूला मेणकागदांचा ढीग होता.

"हे कागद?" हिमानीनं विचारलं.

"जेवून आलो तेव्हा टेबल साफ होतं. काकांनी फेकले म्हणे. मला दोन हवे होते खरं तर."

"काका कागद फेकत नाहीत," यतीन कुरकुरला. "अल्बम आहे त्यांचा. पण ताई, कार्ड गेलंय, कागद नाही!"

"हो रे," हिमानी म्हणाली आणि गाडीकडे चालू लागली. यतीनला तिचा गळा दाबावासा वाटला.

मोरेश्वरकाकांचं दार नीलांबरीकाकूंनी उघडलं. त्यांच्या एका हातात इस्त्री होती आणि दुसऱ्या हातात मीठ लावलेलं फडकं.

"ये गं हिमानी. ही इस्त्री बघ ना, शुक्रवारी रेशमी ब्लाउजवर फिरवली तर हा एवढा तेलकट डाग! गुरुवारी देवळात जाईपर्यंत चांगली होती." मग त्यांना यतीन दिसला आणि त्या ओशाळल्या. "बस रे, यतीन."

कुश सोफ्यावरून उठलाच नाही. "मी त्याला खाली जाताना पाहिलं. दुसरं कोणीच गेलं नाही."

"तू कुठे होतास?"

"इथे, टेबलावर. प्रीता आणि आईबरोबर. पूर्ण वेळ."

"आणि काका?"

"मी मागच्या डेकवर कढीपत्ता तोडत होतो," मोरेश्वरकाका म्हणाले. त्यांचा चेहरा उतरलेला होता. "जाऊ दे ना, हिमानी. तरुण मुलगा आहे, झाली असेल चूक. मी काही तक्रार करणार नाही."

"चूक?" यतीन ओरडला. "काका, मी चूक केलेली नाही!"

"आमटी उकळून झाल्यावर कढीपत्ता आणला ह्यांनी," काकू म्हणाल्या. "तसाच पडलाय ओट्यावर."

हिमानी डेकवर गेली. तिथला लाकडी जिना बागेत उतरत होता, आणि बागेत बेसमेंटचं सरकतं काचेचं दार होतं. तिनं दोन पानं तोडली, हुंगली आणि आत आली.

"ताई, कढीपत्ता काय हुंगतेस?" यतीन रडकुंडीला आला होता. "माझी अब्रू चाललीय इथे!"

"प्रीताला बोलाव," ती म्हणाली. "आणि सगळे खाली चला."

अर्ध्या तासानं सगळे बेसमेंटमधल्या टेबलाभोवती उभे राहिले. बसावं असं कुणालाच वाटलं नाही.

"सगळे म्हणतात, जेवणाच्या वेळी फक्त यतीन खाली आला," हिमानीनं सुरुवात केली. "पण वर जाताना टेबलावर कागदांचा ढीग होता आणि परत आलात तेव्हा नव्हता. म्हणजे मधल्या वेळात ज्यानं कागद उचलले, तोही खाली आला होता. कागद कुणी उचलले?"

प्रीतानं काकांकडे पाहिलं.

"आतल्या जिन्यावरून काका आले असते तर दिसले असते. ते डेकच्या जिन्यानं बागेतल्या दारातून आले, म्हणून कुणाला दिसले नाहीत. म्हणूनच फोडणीचा कढीपत्ता आमटी झाल्यावर पोचला."

"बाबा कशाला चोरतील?" कुश तडकला. "डबाच त्यांचा होता!"

"तेच मला कळेना. मग यतीननं रडगाणं गायलं, की त्याच्या नऊही शेवटच्या कार्डांना गमचा डाग होता. मग सदतीस वर्षं गमला टेकलेला ट्रॅव्हर्स पांढरा शुभ्र कसा? आणि त्याच पाकिटातलं सहावं कार्ड, जिथे गम पोचतच नाही, ते डागाळलेलं कसं?"

आता यतीनच्या डोक्यात उजेड पडला. "पाकीट आधी उघडलं होतं! एक कार्ड काढलं, डागवालं मधे सरकवलं आणि शेवटी ट्रॅव्हर्स घातला."

"आणि पुन्हा चिकटवलं. मेणकागद कशानं चिकटतो?"

"उष्णतेनं," प्रीता म्हणाली.

काकूंचा हात तोंडावर गेला. "अगं बाई, माझी इस्त्री!"

"गुरुवारी तुम्ही देवळात होतात, काकू. एरवी कागद जपून ठेवणारा माणूस ह्या वेळी ते फेकतो, कारण एका कागदावर इस्त्रीची खूण असणार. हे पाकीट कुणाच्या हाती जायला हवं होतं, तेही व्हिडिओत आहे. सगळ्यात वरचं पाकीट, डाव्या हाताची जागा. काकांनी कुशला दोनदा तिथे बोलावलं. त्याला चार्जर हवा होता."

काका खाली बसले. खिशातून त्यांनी प्लास्टिकमधलं कार्ड काढलं आणि प्रीतासमोर ठेवलं.

"दोन वर्षं शोधत होतो हे," ते म्हणाले. "लहानपणी एखादं चांगलं कार्ड निघालं की हा दिवसभर बोलायचा माझ्याशी. आता फोनवर दोन मिनिटं बोलतो. वाटलं, ह्याच्या हातून निघावं. निघालं प्रीताच्या हातून. व्हिडिओ चालू होता, काय करणार? म्हटलं, डेन्व्हरला जाताना ह्याच्या बॅगेत टाकीन."

यतीनला वाटलं होतं, ह्या क्षणी आपल्याला हलकं वाटेल. त्याला फक्त संताप आला होता, आणि म्हाताऱ्याची दयाही येत होती, आणि ती आल्याचा आणखी संताप.

"मी यतीनला थीफ म्हटलं, बाबा," कुश हळू आवाजात म्हणाला. "तुझ्यासमोर. ह्याच रूममध्ये. अँड यू लेट मी."

कुश वळला. "आय अ‍ॅम सॉरी, यतीन. रिअली."

"माझंही चुकलं," प्रीता घाईघाईनं म्हणाली. "तुला ग्रुपमध्ये परत घेते, आत्ता."

"आधी काका लिहितील," यतीन म्हणाला. "बावीस जणांना."

काकांनी चष्मा लावला आणि एका बोटानं टाइप करू लागले. बराच वेळ लागला. कुणीही मदत केली नाही. मग त्यांनी फोन यतीनपुढे धरला. ट्रॅव्हर्सचं कार्ड सापडलं आहे, असं त्यात होतं. थोडा गैरसमज झाला होता, क्षमस्व.

यतीननं दोनदा वाचलं. ह्या घरी तो चार वर्षं जेवला होता आणि काकांना कधी उलट बोलला नव्हता.

"सापडलं नाही, काका," तो म्हणाला. "'मी घेतलं' असं लिहा. आणि यतीननं घेतलं नाही, असंही."

काकांनी कुशकडे पाहिलं. कुश हाताची घडी घालून उभा होता. त्यानं नजर हटवली नाही आणि वडिलांच्या वतीनं एक शब्दही बोलला नाही.

काकांनी फोन पुन्हा जवळ घेतला आणि एकेक अक्षर खोडायला सुरुवात केली.